मामाचं टेनिस आणि आबांचा अडकित्ता

शिरूरमध्ये जालिंदर कोळपेची टाळी खाल्ली नाही असा माणूस भेटला, तर समजायचं की तो कालच भाड्यानं राहायला आलाय. टाळी म्हणजे साधीसुधी टाळी नव्हे. आधी चेष्टा करायची, समोरच्याचं तोंड पडेपर्यंत दम धरायचा, आणि मग उजवा हात पार डोक्यावर नेऊन "दे टाळी!" अशी आरोळी ठोकत खाली आणायचा. समोरच्यानं हात पुढं केला तर त्याचा तळवा दिवेलागणीपर्यंत चुरचुरायचा. नाही केला तर टाळी पाठीत बसायची. म्हणून लोक निमूट हात पुढं करायचे, आणि जालिंदरला वाटायचं, आपला विनोद पोचला.

कुणी टाळी मागितली आणि जालिंदरनं दिली नाही, हे तर आजवर घडलंच नव्हतं. खुद्द बापाच्या दहाव्याला, घोडनदीच्या घाटावर, पिंडाकडं कावळा बघत नव्हता म्हणून सगळे ताटकळले होते. जालिंदर कुजबुजत म्हणाला, "आप्पांची इच्छा राहिलीय. कावळ्याला आधी तंबाखू मळून द्या." मागं उभ्या मावसभावाला हसू आवरेना, त्यानं गुपचूप हात पुढं केला, आणि जालिंदरनं सवयीनं टाळी दिली. नेमका त्याच वेळी खाली उतरलेला कावळा जो उडाला तो पार पुलाच्या पलीकडं. थोरली बहीण सुलक्षणा त्यानंतर वर्षभर बोलली नव्हती.

तर असा हा माणूस. वय अठ्ठेचाळीस, शिक्रापूरजवळच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. आणि त्याला झालं काय, तर टेनिस एल्बो.

सुरुवात झाली खिडक्यांच्या मच्छरजाळीपासून. मिस्त्री "उद्या येतो" म्हणायचा, आणि मिस्त्रीचा उद्या कुठल्याच कॅलेंडरात छापलेला नसतो. शेवटी एका रविवारी जालिंदर बायकोला म्हणाला, "मंदा, त्यात काय एवढं? चार पट्ट्या, चार स्क्रू. मीच करतो." शेजारच्या म्हाळूकडं बॅटरीवरचं मशीन होतं, बटण दाबलं की स्क्रू आपोआप आत. पण मागायचं कुठल्या तोंडानं? मागच्याच आठवड्यात जालिंदरनं अर्धा बटाटा कोरून म्हाळूच्या ओसरीवर चिखलाचे पंजे उमटवले होते. आमच्याकडं बिबट्या ही गमतीची गोष्ट नाही, ऊसातून कधी बाहेर येईल नेम नाही. म्हाळू दोन दिवस घराबाहेर पडला नाही. वनखात्याचा माणूस आला, गुडघ्यावर बसून पंजे बघितले, वास घेतला आणि म्हणाला, "काका, हा बिबट्या बटाट्याचा हाय." म्हाळूनं तेव्हापासून जालिंदरशी बोलणं टाकलं होतं.

तेव्हा मशीनचा विषय संपला. जालिंदरनं जुना स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि घरातल्या एकूण एक खिडकीला सगळे स्क्रू हातानं पिळले. चौकटी जुन्या सागवानी. लाकूड असं की स्क्रूला आत घेण्याआधी त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करायचं. संध्याकाळी जालिंदर जाळीला टिचकी मारून म्हणाला, "आता डास काय, डासाचा बाप येत न्हाई." डास आत येईनात हे खरं, पण आत होते तेही बाहेर जाईनात.

सकाळी चहाचा कप उचलला, आणि कोपराच्या बाहेरच्या अंगाला अशी कळ आली की कप बशीत, बशी मांडीवर आणि चहा लुंगीवर.

"आई गं!"

मंदाकिनीनं पेपरातून डोकंही वर काढलं नाही. "पुसून घ्या. फडकं तिथंच हाय."

"अगं, हात उचलंना झालाय!"

"मागं जीभ लुळी पडली व्हती, तशीच ना? माझ्या माहेरची सगळी गोळा झाली, तवा बोलायला लागलात."

जालिंदरनं डाव्या हातानं फडकं ओढलं. ती चेष्टा खरोखरच उत्तम जमली होती. पण आता नळ फिरवताना कळ, कुलूप उघडताना कळ, टॉवेल पिळताना कळ, मोटारसायकलचा ॲक्सिलरेटर पिळताना तर डोळ्यांपुढं काजवे. आणि हात बघावा तर जसाच्या तसा. ना सूज, ना लाली, ना साधा ओरखडा. दुखणं असं की दाखवायला काहीच नाही, आणि या दुखणाऱ्याच्या शब्दावर तर शिरूर तालुक्यात कुणी विश्वास ठेवत नाही.

त्याच दिवशी भांडगावहून सुलक्षणाचा फोन आला.

"जाल्या, पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी आमच्या हर्षदाची सुपारी. दौंडची मंडळी यायचीत. आमच्या घरात सुपारी मामानंच फोडायची असती, ठाऊक हाय ना?"

"ठाऊक हाय आक्का, पण हाताला..."

"पण न्हाई आन् बिण न्हाई. आन् आधीच सांगते, भिमाजीआबांनी अजून तुला माफ केल्यालं न्हाई."

भिमाजीआबा म्हणजे नवऱ्यामुलाचे आजोबा. मुलगी बघायला आले होते तेव्हा जालिंदरनं पानाच्या तबकात सुपारीच्या जागी सुपारीच्याच रंगात रंगवलेली गोटी ठेवली होती. आबांनी ती आपल्या वडिलांच्या पितळी अडकित्त्यात धरली आणि दिला दाब. गोटी शाबूत राहिली, अडकित्त्याचा खिळा तुटला. जालिंदर "दे टाळी!" म्हणत उभा राहिला. आबांनी अडकित्त्याचे दोन तुकडे रुमालात बांधले, गोटी खिशात टाकली आणि फक्त "बरं" म्हणाले. मुलानं, म्हणजे साईनं, आणि हर्षदानं एकमेकांना आधीच पसंत केलं होतं म्हणून गाडी पुढं सरकली. नाहीतर ते "बरं" फार जड होतं.

"या टायमाला काय येडेपणा केलास," सुलक्षणा म्हणाली, "आन् पोरीची सुपारी मोडली, तर माझ्या उंबऱ्याला पुन्हा पाय लावायचा न्हाई. भाऊबीजेला बी न्हाई."

"आक्का, खरंच दुखतंय गं."

"तुझं खरंच कवा दुखतंय?" म्हणून तिनं फोन ठेवला.

आता हात बरा होणं भाग होतं. आणि आपल्याकडं दुखणं खाजगी नसतं. वरच्या मजल्यावरच्या सिंधूबाई एरंडाचं पान आणि गरम तेल घेऊन उतरल्या. पान कोपराला, तेल पानाला, त्यावर तव्यावर तापवलेली वीट. "भाजलं तर भाजू दे," त्या म्हणाल्या, "भाजल्याबिगर वात निघत न्हाई." वात निघाला की नाही कळलं नाही, कातडं मात्र निघालं. म्हाळू कठड्यापलीकडून सगळं बघत होता. बोलणं टाकलेलं असल्यामुळं तो भिंतीकडं बघून म्हणाला, "एखाद्याच्या कोपराला बटाटा बांधला पायजे."

कारखान्यातल्या पप्पूनं मांडवगण फराट्याच्या एका वस्तादाचं नाव सांगितलं. पैलवानांचे निखळलेले खांदे बसवणारा माणूस, हाताला गुण. वस्तादानं जालिंदरला पालथं घातलं, हात पाठीमागं घेतला आणि विचारलं, "दुखतंय का?"

"न्हाई."

"आता?"

आता काय झालं ते जालिंदरला नीट आठवत नाही. पण गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली, असं पप्पू सांगतो. वस्ताद समाधानानं म्हणाला, "गाठ मोकळी झाली. आता उद्याच्याला बघा." उद्याच्याला जालिंदरला दात घासता येईनात.

शेवटी एकदाचा हाडांचा डॉक्टर. एक्स-रे काढला, उजेडावर धरला. "हाड एकदम झकास आहे."

"मग दुखतं कशानं?"

"टेनिस एल्बो." डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या आणि म्हणाले, "हात जपून वापरा आणि एखाद्या फिजिओथेरपिस्टकडं जा. खरं औषध तिकडंच."

घरी येऊन जालिंदरनं दुखण्याचं नाव सांगितलं, आणि मंदाकिनी पहिल्यांदा मनापासून हसली. "ही मात्र झ्याक जमली! टेनिस! अहो, तुम्ही विटीदांडूत सुद्धा नुसते वाद घालायचात." सिंधूबाईंनी जाहीर केलं की हे श्रीमंतांचं दुखणं आहे, आपल्या गल्लीत यायला नको होतं. शेजारपाजारची पोरं दारात बॉल घेऊन आली. जन्मभर लोकांची टिंगल केलेल्या माणसाची जेव्हा त्याच्या खऱ्या दुखण्यावरून टिंगल होते, तेव्हा त्याच्या मनाला काय वाटतं, यावर अजून कुणी अभ्यास केलेला नाही.

मग जालिंदरनं डोकं चालवलं. लोकांना दिसलं पाहिजे. त्यानं मंदाकिनीची जुनी ओढणी घेतली, हात गळ्यात अडकवला आणि कारखान्याच्या गेटवर गेला. परिणाम झाला, पण भलताच. गेटच्या आत एक मोठा फळा आहे, त्यावर अपघात न झालेल्या दिवसांचा आकडा रोज वाढत जातो. आकडा आता मोठ्या बक्षिसाच्या तोंडाशी आला होता. सेफ्टीचे मिश्राजी झोळी बघून धावतच आले.

"कोळपेजी! ये क्या बांध के आए हो? मारोगे क्या?"

"दुखतंय, साब."

"दुखने दो! मगर यहाँ मत दुखने दो!" मिश्राजी फळ्याकडं बघत कळवळले. मागं कामगार जमले होते, आणि फळा शून्यावर गेला तर आपलं बक्षीस गेलं, या विचारानं सगळ्यांच्या नजरा जालिंदरच्या ओढणीवर होत्या. त्यानं घाईघाईनं डॉक्टरांची चिठ्ठी काढून दिली. मिश्राजींनी वाचलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर अशी शांती पसरली की बघत राहावं.

"टेनिस! तो ऐसा बोलो ना! खेलते वक्त लगा. कंपनी के बाहर. लिख के दो."

"पण मी टेनिस खेळतच..."

"लिख के दो, भाई!"

आकडा वाचला. जालिंदरनं डाव्या हातानं लिहून दिलं की आपण टेनिस खेळतो. कारखान्यात सही केलेला कागद कधी एकटा राहत नाही. दुपारपर्यंत तो ऑफिसात गेला, तिथल्या एका हौशी मुलीनं संगणकावर पोस्टर केलं: 'आमचे टेनिसपटू श्री. जालिंदर कोळपे यांना लवकर बरे वाटो!' फोटो कुणाच्या तरी लग्नातला, डोक्याला फेटा, हातात चिकटवलेली रॅकेट, तीही बॅडमिंटनची. शिवाय आंतर-कारखाना क्रीडास्पर्धेत त्याचं नाव घातलं. पोस्टर व्हॉट्सॲपवर शिक्रापूरहून निघालं, शिरूरला जेवलं आणि मुक्कामाला दौंडला पोचलं.

दुसऱ्या दिवशी हर्षदाचा फोन. "मामा, मला तरी खरं सांग. दुखतंय?"

"आईशप्पथ दुखतंय."

"मग साईच्या बहिणीकडं जा. राजनंदिनीताई फिजिओ हायेत, दौंडला दवाखाना हाय त्यांचा. सुपारीच्या आत जा. आन् मामा, तिथं नीट वाग. माझी नणंद हाय ती."

जालिंदर एसटीनं दौंडला गेला. मोटारसायकल चालवणं शक्य नव्हतं, आणि एसटीत वरचा दांडा धरणंही शक्य नव्हतं, त्यामुळं प्रत्येक वळणाला तो एका बाईच्या भाजीच्या पाटीत बसत होता. पोचला तेव्हा पाठीला मेथी चिकटलेली.

दवाखाना एका खोलीचा. मध्ये हिरवा पडदा, पडद्यामागून घोरण्याचा आवाज. राजनंदिनी तिशीच्या आतली, चटपटीत.

"या मामा. पोस्टर बघितलं तुमचं."

जालिंदरनं मान खाली घातली. तिनं त्याला एक प्लास्टिकची खुर्ची दाखवली. "पाठ धरून उचला. तळहात जमिनीकडं."

जालिंदरनं उचलली, आणि बोंबलला. पडद्यामागचं घोरणं क्षणभर थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"आता खालून धरा. तळहात वर."

खुर्ची उचलली गेली. जालिंदर तिच्याकडं जादूगाराकडं बघावं तसं बघत राहिला. "म्हंजी... तुमचा विश्वास हाय? मला खरंच दुखतंय यावर?"

"खरंच दुखतंय मामा. लई दुखत असणार."

जालिंदरच्या डोळ्यांत पाणी आलं. गेल्या कित्येक दिवसांत त्याच्याशी इतकं गोड कुणी बोललं नव्हतं.

राजनंदिनीनं त्याच्याच हातावर बोट ठेवून समजावलं. मनगट वर उचलणाऱ्या सगळ्या स्नायूंची टोकं इथं कोपराच्या बाहेरच्या हाडाला बांधलेली असतात. बैलाचं दावं खुंटीला बांधावं तशी. बैल दिवसभर हिसके देत राहिला तर दावं खुंटीपाशी विसकटतं. "तुम्ही काय पिळलंत एवढं?"

"मच्छरजाळीचे स्क्रू."

"मशीननं का न्हाई?"

"ते... बिबट्यामुळं."

तिनं पुढं विचारलं नाही, ही तिची मोठी कृपा. "टेनिसवाले थोडे, आन् स्क्रू पिळणारे, कपडे पिळणारे, पोळ्या लाटणारेच जास्त येतात माझ्याकडं. वीट, वस्ताद, रगडून मालिश, सगळं बंद. दुखलं तर बर्फ. हा पट्टा कोपराच्या दोन बोटं खाली बांधायचा. वस्तू उचलायची ती तळहात वर करून. आन् हा व्यायाम." तिनं त्याचा हात टेबलावर ठेवला, मनगट कडेबाहेर, मुठीत पाण्याची छोटी बाटली दिली. "डाव्या हातानं वर न्यायची आन् उजव्यानं हळू खाली सोडायची. एकदम सावकाश. पण हात गळ्यात बांधून गप बसायचं न्हाई, त्यानं तो आणखी दुबळा होतो."

"रविवारपर्यंत बरं होईल?"

"कुठल्या रविवारपर्यंत? दीड-दोन महिने धरा. कुणाकुणाला जास्त बी लागतात."

"अहो, सुपारी फोडायचीय!"

"अडकित्ता?" ती दचकली. "अजिबात न्हाई. आन् मामा, टाळ्या बंद. आल्यापासनं तुम्ही मला तीन दिल्यात."

जालिंदरनं हात जोडले, तळहात वर करून, त्यामुळं ते भीक मागितल्यासारखं दिसलं. "ताई, एक करा. आबांना सांगू नका. आधीच त्यांचा माझ्यावर राग, त्यात मामा अपंग निघाला म्हणतील."

"पेशंटचं मी कुणाला सांगत न्हाई."

"आन् पडद्यामागं कोण हाय?"

"मानेला वजन लावलेले एक म्हातारे. घोरतायत की, ऐकू येतंय ना?"

रविवार उजाडला. भांडगावला सुलक्षणाच्या अंगणात मांडव, मांडवात जाजम, जाजमावर दोन्हीकडची माणसं. जालिंदर लांब बाह्यांचा सदरा घालून, आत पट्टा बांधून, चेहरा शक्य तितका गंभीर करून बसला होता. हीच चूक झाली. जालिंदर गंभीर बसलाय म्हटल्यावर सगळा मांडव सावध झाला. नवऱ्यामुलाच्या काकांनी बसण्याआधी गादी उचलून खाली बघितलं. कुणी पाण्याच्या तांब्यात बोट बुडवून बघितलं. तबकातली सुपारी तर हातोहात फिरली, एकानं वास घेतला, एकानं दाताखाली धरून बघितली, मग निकाल जाहीर झाला: "खरी हाय."

भिमाजीआबांनी बंडीच्या खिशातून रुमाल काढला. रुमालातून पितळी अडकित्ता. "नवा खिळा बसवून आणलाय," ते म्हणाले, आणि अडकित्ता जालिंदरपुढं ठेवला. "घ्या मामा. मान तुमचा."

"आबा," जालिंदर म्हणाला, "मला न्हाई जमायचं. हात दुखतोय."

मांडव फुटला. "आली! आली चेष्टा!" "मी म्हणलं नव्हतं व्हय?" "टेनिस खेळताना दुखत न्हाई ते!"

"खरंच दुखतंय!"

"वा! काय ॲक्टिंग!"

स्वयंपाकघराच्या दारात सुलक्षणा उभी होती. तिचा चेहरा दिसला, आणि जालिंदरनं काहीच न बोलता अडकित्ता उचलला. सुपारी पात्यात धरली. डोळे मिटले. दाबलं. सुपारीला काही झालं नाही. जालिंदरच्या तोंडून मात्र जी किंकाळी निघाली तिनं मांडवावरची कबुतरं उडाली आणि अडकित्ता तबकात पडला. लोक पोट धरून हसत होते. दौंडच्या दोघा-तिघांना मात्र हसू येईना. एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "शुभ कामात ओरडला की वं. मामाच्या मनात न्हाई वाटतं ही सोयरीक."

राजनंदिनी उठायला लागली. आबांनी बोटानं तिला खाली बसवलं.

सुलक्षणा बाहेर आली. रागावली असती तर परवडलं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "जाल्या, आजच्या दिवशी बी?"

दाराच्या फटीतून हर्षदाचे डोळे दिसत होते. जालिंदर तबकात पडलेला अडकित्ता डाव्या हातानं सरळ करायला लागला.

तेवढ्यात आबा हसायला लागले. खदाखदा. "झ्याक! मामा, झ्याक जमली! अशी किंकाळी आमच्या तमाशाच्या फडात बी ऐकली न्हाई." आणि त्यांनी आपला हात उंच केला. "दे टाळी!"

सगळ्यांनी मान वळवली. जालिंदरचा उजवा हात सवयीनं वर निघाला. मांडीवरून सुटला, छातीपर्यंत आला, तिथं अडला, आणि खाली गेला. आबांचा हात तसाच वर. जालिंदरनं मान खाली घातली.

हसणं एकेक करून थांबलं.

"टाळी दिली न्हाई," सुलक्षणा पुटपुटली. मग मोठ्यानं, "अहो, यानं टाळी दिली न्हाई! आप्पांच्या दहाव्याला दिली व्हती यानं, कावळा उडवला व्हता! याला खरंच दुखतंय!" ती धावत येऊन त्याच्याजवळ बसली. "मेल्या, सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगतोय की आल्यापासनं!"

"असं सांगतात व्हय? नीट सांगायचं!"

आता पेच वेगळा. सुपारी मामानंच फोडायची, मामाचा उजवा हात गेलेला, आणि शुभ कामाला डावा चालत नाही. दुसऱ्यानं फोडली तर मामाचा मान गेला. कुणी म्हणालं वरवंट्यानं ठेचा, कुणी म्हणालं मुहूर्त टळतोय. जालिंदर जाजमाचे धागे मोजल्यासारखा खाली बघत बसला होता.

आबांनी घसा खाकरला. सदऱ्याची उजवी बाही वर सारली. कोपराखाली दोन बोटांवर पट्टा.

"मला बी त्योच रोग," आबा म्हणाले. "वरीस झालं. लाजंनं बोललो न्हाई. म्हातारा मानूस, टेनिस कुणाला सांगू?"

"आबांना बी टेनिस?" मांडवात कुजबुज पसरली, आणि तिच्यात चांगलाच आदर होता. एकाला झालं की थट्टा असते, दोघांना झालं की आजार होतो.

"मामा, तुम्ही खालनं धरा. तळहात वर. मी वरनं हात ठिवतो. दोन मोडक्या हातांचा एक धड हात व्हतो का बघू."

जालिंदरनं तळहात वर करून अडकित्ता धरला. आबांनी वरून मूठ टेकवली. टक्! सुपारीचं अर्धं भकल उडून थेट नवऱ्यामुलाच्या काकांच्या चहात पडलं. साखर वाटली गेली. सुलक्षणानं भावाच्या तोंडात पेढा कोंबला आणि पदरानं डोळे पुसले. हर्षदा दाराआड हसत होती.

जेवणं झाली. शिरा-पुरीवर माणसं सुस्तावली. आबा पानाचं तबक घेऊन बसले होते. जालिंदर त्यांच्याजवळ सरकला, आभार मानायचे म्हणून. तर बघतो काय, आबा उजव्या हातानं, एकट्यानं, खट्खट् सुपारी कातरत होते. अख्ख्या पंगतीची. पट्टा मनगटापर्यंत घसरून बांगडीसारखा लोंबत होता.

"आबा," जालिंदर म्हणाला, "तुमचं कोपर?"

"माझ्या कोपराला काय धाड भरलीय? पट्टा आमच्या राजनंदिनीच्या दवाखान्यातला. सकाळी मागून आणला."

"मग माझं खरं दुखतंय, हे तुम्हाला..."

"त्या दिवशी पडद्यामागं मानंला वजन लावून मीच पडलो व्हतो."

"तुम्ही तर घोरत होता!"

"घोरणाऱ्या मानसावर सगळ्यांचा विश्वास बसतो," आबा म्हणाले. "तसा मला पोरीनं काय सांगितलं न्हाई बरं का. तुम्हीच बोंबललात."

"म्हंजी ठाऊक असून अडकित्ता माझ्या हातात दिलात?"

"बापाचा अडकित्ता व्हता माझ्या. नवा खिळा बसवायला पार पुण्याला जावं लागलं."

जालिंदरचं तोंड पडलं. ते पूर्ण पडेपर्यंत आबांनी दम धरला. कात लावलेलं पान शांतपणे तोंडात सारलं, अडकित्ता रुमालात बांधला, खिशात हात घातला आणि मग हात पार पागोट्याच्या वर नेऊन म्हणाले, "दे टाळी!"

जालिंदर बघत राहिला. मग त्यालाही हसू फुटलं, असं की शेजारी झोपलेला म्हातारा उठून बसला. जालिंदरनं पट्टा नीट केला आणि उजवा हात पुढं केला, राजनंदिनीनं शिकवलं होतं तसा, तळहात वर.

आबांचा हात वरून जोरात निघाला, पण तळव्याजवळ येऊन मंदावला आणि हलकेच टेकला. उचलला तेव्हा जालिंदरच्या तळहातावर सुपारीच्या रंगाची ती गोटी होती.